एका चौकटीत दोन उ

गुरु. ९ जाने.
ताईचं पार्सल आलं. कुळथाचं पीठ २ किलो, आमसुलं पाव किलो, लाल पोहे, चिमीला खाजं. लक्झरीच्या ड्रायव्हरला १०० रु. स्टेशनवरून रिक्षा केली नाही, चढावर एकदा टेकले. रात्री पिठी-भात. चिमीनं दोनदा मागून घेतला. चार वर्षांची पोर, आजीच्या हातचं आवडतं, बरं वाटलं.

शुक्र. १० जाने. एकादशी
पहाटे ३:२०. चिमी माझ्या कुशीत निजते, तिथेच उठून बसली. "आजी, पोटातून येतंय." कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी उलटी. पोटात काही उरलं नाही तरी होतच होतं. पोर रडली नाही, ताप नाही, जुलाब नाही. सूनबाई प्राची चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत होती. मुलगा निलेश विमानतळावर रात्रपाळीला. मी देवापुढे दिवा लावून परत येऊन तिचं कपाळ धरलं. सातला थांबलं. झोपली. अकराला उठून पोहे मागितले, खाल्ले, आणि गॅलरीत लंगडी घालत होती.
रात्रभर कोणी तरी नेली होती आणि सकाळी जशीच्या तशी आणून ठेवली, असं.
प्राची म्हणाली, "आई, रात्रीची पिठी नको ना द्यायला. जड पडते."
मी म्हटलं, निलेश त्याच पिठीवर वाढला.
"निलेशचं पोट आणि हिचं पोट एक आहे का?"
कॅलेंडरवर उलटीचा उ लिहिला. त्या चौकटीत एकादशीच्या उपासाचा उ होताच. एका चौकटीत दोन.

रवि. १२ जाने.
तिन्हीसांजेला चिमीची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, पाच मिरच्या. ठसका मुळीच आला नाही, म्हणजे लागलीच होती. ह्यांना मात्र आला. म्हणतात, "तिची दिष्ट गेली की नाय देवाक म्हायत, माझो खोकलो मात्र इलो."
पिठीचा डबा वर ठेवून दिला. आपल्यामुळे नको.

गुरु. ६ फेब्रु.
परत झालं. काल रात्री पोरीला प्राचीनं स्वतःच्या हातानं मऊ भात आणि तूप भरवलं. पिठी नाही, खाजं नाही, काही नाही.
मला घड्याळाकडे बघवेना. प्राचीनं मोबाईल पाहिला. "आई, तीन एकवीस." गेल्या वेळी तीन वीस, एक मिनिटाचा फरक. पोरीला घड्याळ कळत नाही. मग आत कोणाला कळतं
सकाळी सात. झोप. दुपारी अर्धी भाकरी आणि टीव्ही.
प्राची ऑफिसला निघताना चपला घालत म्हणाली, "पिठीचं नव्हतं, आई." एवढंच. माझं काम झालं.

शनि. ८ फेब्रु. एकादशी
डोकं. डाव्या बाजूचं, नेहमीचं. पडदा ओढून पडले होते. चिमीला डॉक्टरीणबाईंकडे मी न्यायचं होतं, प्राचीला सुट्टी नाही, म्हणून निलेश रात्रपाळी करून तसाच घेऊन गेला. बाईंनी काल रक्त, सोनोग्राफी करवून घेतली होती आणि तारखा विचारल्या होत्या. मी आतूनच सांगितलं, कॅलेंडरवर सगळं आहे, उ लिहिलेत. त्यानं मोबाईलवर फोटो काढून नेला.
दुपारी आला तो चपला न काढता माझ्या खोलीत.
"आई, जानेवारीत आठ वेळा? आठ? मला एकदाच सांगितलंत. मी रात्री घरी नसतो म्हणजे बाप नाही का तिचा?"
मला डोकं वर करवेना. हातात चिठ्ठी. भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची, २७ तारीख. एवढ्याशा पोरीला भूल. मी काय सांगणार, मला वाटलं बाईंना काही दिसलं असेल.
संध्याकाळी प्राची आली, चिठ्ठी वाचली. "आठ कुठे? जानेवारीत एकदाच झालं." कॅलेंडरसमोर उभी राहिली, बोट फिरवत. सहा तारीख उ, तेरा उ, वीस, सत्तावीस. सोमवार. सतरा संकष्टी. पंचवीस एकादशी. मग हळू वळली. "आई, हे उपासाचे उ आहेत."
ह्यांनी पेपर खाली केला. "म्हणजे डाक्टरान तुझे उपास मोजले."
निलेश हसला, मग डोळे पुसत आतल्या खोलीत जाऊन बसला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. एवढ्या वर्षांत उ ला कधी दुसरा अर्थ नव्हता माझ्या घरात.

रवि. ९ फेब्रु.
डोकं उतरलं. गेल्या वर्षीचं कॅलेंडर गादीखाली होतं (दुधाचे खाडे त्यावरच आहेत, म्हणून टाकत नाही). दोन्ही घेऊन बसले. चिमीची लाल पेन्सिल घेतली आणि फक्त उलट्यांना गोल केला. प्राचीला एकेक विचारून.
१६ नोव्हें. १४ डिसें. १० जाने. ६ फेब्रु. पहिली दोन आम्ही बाहेरच्या खाण्यावर घातली होती, त्याआधीचं लिहिलेलं नाही.
मधले दिवस मोजले. अठ्ठावीस. सत्तावीस. सत्तावीस. प्राचीनं बोटांवर परत मोजले. तेच.
मग त्या चौकटीतली बारीक अक्षरं वाचली, चष्मा पुसून. चारही ठिकाणी कृत्तिका.
सत्तावीस नक्षत्रं. चंद्र फिरून त्याच घरी येतो आणि आमच्या भांडुपच्या तिसऱ्या मजल्यावर एक पोर उठून बसते. कृत्तिका म्हणजे तर सहा आया, देवाचं मूल पाजून वाढवलं त्यांनी. त्या आमच्या पोरीला त्रास कशाला देतील. का दर महिन्याला बघून जातात
प्राची म्हणाली, "नक्षत्राचं डॉक्टरांना सांगू नका हं, आई."

मंगळ. ११ फेब्रु.
सांगितलं. राहवलं नाही. मी आणि प्राची दोघी गेलो होतो, कॅलेंडर गुंडाळून.
डॉक्टरीणबाई उपासांवर आधी हसल्या. मग लाल गोल बघून हसायच्या थांबल्या. रक्त, सोनोग्राफी परत चाळली. सगळं चांगलं आहे. म्हणाल्या, "काही मुलांना असं ठरल्या दिवसांनी येतं. मधे एकदम ठणठणीत. का येतं ते आम्हालाही पूर्ण माहीत नाही." नक्षत्राचं ऐकून म्हणाल्या, कुणाचे दिवस वेगळे असतात, हिचे हे आहेत. नाही म्हणाल्या नाहीत.
मग विचारलं, "घरात कुणाला अर्धशिशी?"
प्राचीनं माझ्याकडे पाहिलं.
म्हणाल्या, बरेचदा घराण्यात असतं. मुलांमध्ये पोटात येतं, मोठेपणी डोक्यात. तुम्हाला लहानपणी उलट्या व्हायच्या का, आणि झाल्या तर आपोआप कधी थांबल्या? मला सांगता येईना. सहा फेब्रुवारीपासून सत्ताविसावा दिवस पाच मार्च; दुर्बीण तोवर पुढे ढकलली, रद्द नाही. "त्या दिवशी काय होतं बघू. तोवर घरच्या मोठ्यांना विचारून या." मधेच पोर सुस्तावली, लघवी कमी झाली तर वाट न बघता आणायचं.
चाळीस वर्षं मी समजत होते हे डोकं माझ्या कर्माचं, माझ्याबरोबर जाईल. ते तर निलेशवरून उडी मारून त्या पोरीच्या पोटात

शुक्र. १४ फेब्रु.
देव घासताना आठवलं. पितळेची परात. खळ्यात, दारापुढच्या अंगणात, अंधार, आईच्या हातात ओला पंचा, आणि कुणाचं तरी कपाळ. पंच्याचा वास आठवतो. पण कपाळ माझं होतं की मी बाजूला उभी राहून बघत होते, ते दिसत नाही. आई गेली. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, तिलाच ठाऊक.
तिला फोनवर ऐकू येत नाही. "काय गो? काय?" करते आणि ठेवते. डोळे मात्र शाबूत, पोथी रोज वाचते.
चिमीनं आज कॅलेंडरवर पाच मार्चला लाल गोल काढला. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. सगळेच बघतात त्या चौकटीकडे, तिनंही बघितलं असेल.
पिठीचा डबा प्राचीनं स्वतः खाली काढला.

सोम. १७ फेब्रु. उपास
ताईला पत्र टाकलं. कॅलेंडरवर खूण करायला पेन उचललं तर हात परत उ कडेच. थांबले. पूर्ण शब्द लिहिला, "पत्र".
मजकूर उतरवून ठेवते:
"ती. ताईस सा. न. पार्सल पोचलं, पीठ छान आहे, सगळे खातात. एक विचारायचं आहे, नीट आठवून सांग. लहानपणी खळ्यात रात्री आई पितळेची परात धरून बसायची. ती परात कुणापुढे होती, माझ्या की तुझ्या? माझ्या असेल तर कितव्या वर्षी थांबलं? काय केल्यावर थांबलं, की आपलं आपणच? नसेल तर तसंही लिही, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून काही जोडू नकोस. आमच्या चिमीची तारीख पाच मार्च आहे. त्याआधी मला कळायला हवं. पोस्टमनला थांबवून ठेव, दोनच ओळी लिही, पण उलट टपाली कळव."