सतरा माणसांना आलेली घेरी

प्रिय मेहुणेबुवा,

तुम्हाला सप्रेम नमस्कार आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरात त्यांच्याच मर्जीने सगळं चालतं असं पत्रावरून दिसतं. इकडे ठीक आहे. तुमच्या ताईचा रक्तदाब ताब्यात आहे आणि माझा तिच्या ताब्यात आहे.

तुम्ही पाठवलेली डीव्हीडी पोचली. घोड्यांचा, टोप्यांचा आणि पिस्तुलांचा तो जुना इंग्रजी सिनेमा पन्नास वर्षांनी असा चपटा होऊन घरी येईल असं वाटलं नव्हतं. (तेव्हा तो सात डब्यांत होता, आणि ते डबे जिन्यावरून वर नेताना माझी कंबर जी धरली ती अजून सुटलेली नाही.) वेष्टनावर लिहिलंय की चित्र धुऊनपुसून नवं केलं आहे आणि संवाद खाली आपल्या भाषेत वाचायला मिळतील. तुम्ही प्रेमाने पाठवलंत, म्हणून रागावत नाही.

तुम्ही त्या काळात नोकरीसाठी परगावी होतात, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. काचकारखान्याच्या क्लबात दर शनिवारी सिनेमा दाखवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी फिटर, आणि यंत्र अडलं की हात घालणारा दुसरा कुणी नव्हता. हा सिनेमा वितरकाने परत नेलाच नाही, म्हणून आम्ही तो दोन वर्षं दाखवला. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मॅनेजर म्हणाले, तू समजावून सांग. मी सातवीत शाळा सोडलेला, माझं इंग्रजी यंत्रावरच्या ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ एवढंच. पण साहेबाला नाही कसं म्हणणार? माइक हातात घेतला आणि सुटलो.

तुमचे वडील जाऊन तेव्हा महिना झाला होता. तुमची ताई आईबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती. (आमची ओळख नव्हती. तिची वेणी तेवढी मला वरच्या खिडकीतून दिसत होती.) पाचव्या मिनिटाला पडद्यावरचा पहिला माणूस गोळी लागून पडला आणि ती मान खाली घालून उठायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, घाबरू नका मंडळी, त्याला नुसती घेरी आलीय, आत्ता उठेल. ती परत बसली. आता एकाला घेरी आणल्यावर बाकीच्या सोळा जणांना मारून कसं चालेल? सगळ्यांना घेरी आणावी लागली. मध्ये एकाला पुरतात, तिथे मी विहीर खणायला लावली. (लोक खड्ड्याभोवती टोप्या काढून उभे राहतात ना, ते पाणी लागावं म्हणून.) सिनेमा सुटल्यावर ती जिन्याशी आली आणि तिने विचारलं, तो पहिला माणूस बरा झाला का हो? मी म्हटलं, पुढच्या शनिवारी या, सांगतो. त्या माणसाच्या तब्येतीवरून आमचं लग्न ठरलं म्हणा ना.

परवा ती बाजारात गेली असताना मी एकट्याने डीव्हीडी लावली. भीती होतीच, पण भीतीहून उत्सुकता मोठी. दोन वर्षं ज्यांचा संसार मी चालवला, ते लोक आपसात नक्की काय बोलत होते? पहिली गोष्ट म्हणजे पाऊस गेला. आमच्या फिल्मवर उभे ओरखडे इतके होते की मी सिनेमाभर पाऊस पाडला होता, टोप्याही त्यासाठीच घातल्यात असं सांगितलं होतं. ते आता रखरखीत वाळवंट निघालं. दोघे शेकोटीपाशी बसतात, तिथे मी तुटलेल्या सख्ख्या भावांची दिलजमाई करायचो आणि मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. प्रत्यक्षात एक म्हणतो, कॉफी कडू झालीय. दुसरा म्हणतो, हो. ज्या मिशीवाल्या काकांच्या हातून मी सिनेमातल्या मुलीचं लग्न जमवलं, ते बँक लुटायला आलेले निघाले. मला वाईट वाटलं. त्या मुलीचं पुढे काय झालं असेल? पण खरं सांगायचं तर गोष्ट त्यांचीही बरी आहे, फक्त माणसं फार मारतात.

आता अडचण अशी की तुमच्या ताईने येत्या रविवारी क्लबातली उरलीसुरली मंडळी हा सिनेमा बघायला घरी बोलावली आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून ती भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा वाचते. मेहुणेबुवा, मी तिच्याशी आयुष्यात एकच खोटं बोललो, पण ते दोन वर्षं, दर शनिवारी, माइकवरून.

बाकी आनंद आहे. लोभ ठेवा, निदान रविवारपर्यंत तरी.

तुमचा,
भाऊजी

ता. क. – खालची अक्षरं घालवायची कळ रिमोटवर कुठे असते ते उलट टपाली कळवा. फोन करू नका, फोन तीच उचलते. (एक कळ मी दाबून पाहिली. अक्षरं गेली नाहीत, पिवळी झाली.)

पुन्हा ता. क. – कळ कळवायची राहू द्या. मी पाकीट आणायला कोपऱ्यावर गेलो, तेवढ्यात हिने डीव्हीडी लावली. मी दारात आलो तर पहिला माणूस पडलेला, आणि त्याच्याखाली पिवळ्याधमक अक्षरांत ‘मेला बिचारा’. ही वाटाणे सोलत होती. तिने ते वाचलं, मागे नेलं आणि परत वाचलं. मग म्हणाली, “हे कुणी लिहिलंय हो? त्याला काही म्हणजे काही कळत नाही.” एवढं बोलून पुन्हा वाटाण्यांकडे वळली. पन्नास वर्षं मी तो चेहरा बघतो आहे, तरी मला काही उमगलं नाही. तुम्ही तिचे भाऊ, तुम्हीच सांगा, तिला पहिल्या शनिवारपासूनच माहीत असेल का? मला विचारायचा धीर होत नाही. आत्ता ती फोनवर आहे. रविवारी येणाऱ्या एकेकाला सांगते आहे की चष्मे घरीच ठेवून या, आमचे हे सांगणार आहेत.