तडे नको म्हणाली होती

९ जाने. ९७, गुरुवार
निलंग्याच्या एस.टी.नं रुक्मिणबाईचं कापड आलं. कंडक्टर म्हणाला, उन्हात ठेवू नका असा निरोप हाय. भूकंपानंतरच्या नव्या वसाहतीत मी बायांना बाटिक शिकवते, मेणानं चित्र काढून कापड निळीत बुडवायचं, त्यांत मेणाचा खरा हात हिचाच. चित्र तिच्या पडलेल्या घराचं. भिंत, कोनाडा, खुंटीला टोपडं. तिचा धाकटा त्याच भिंतीखाली गेला. सोबत थोरल्या लेकीच्या, सविताच्या अक्षरात चिठ्ठी: बाई, बुडवताना भिंतीला तडा जाऊ देऊ नका.
म्हणून तिनं नुसतं मधमाशीचं मेण वापरलंय. मऊ, सहजी फुटत नाही.

११ जाने.
नांदेडच्या प्रदर्शनवाल्या ताईंचा फोन. तड्यांशिवाय बाटिक म्हणजे छापील चादर, म्हणे.
दुपारी शाळेतून आले. कापड फ्रिजमध्ये ठेवलं, मेण कडक झाल्यावर मुठीत धरून चुरगाळलं. कोनाड्यापाशी हात थांबला होता. मग तोही चुरगाळला. निळीतून काढलं तेव्हा हिरवट, वाऱ्यावर निळं होत गेलं. मेण उतरवलं तर भेगांत नीळ शिरून भिंतभर तडे.
देखणं झालं. हे लिहायचीच लाज वाटते.

३ फेब्रु.
नांदेडहून परत. सगळ्यात आधी तेच विकलं गेलं. आपल्या लातूरच्याच एका क्लासवाल्या सरांनी ऑफिसात लावायला घेतलं. रु.बाईला कळवलं. तड्यांचं लिहिलं नाही.

२३ फेब्रु.
वसाहतीत गेले. रु.बाईनं विचारलं, रंग कसा चढला? गडद, म्हटलं. खूश झाली.

१६ जून
सविता दहावीला चांगली निघाली. लातूरला ठेवायची, डॉक्टर करायची, असा रु.बाईचा निरोप. आमच्या गल्लीत तर गच्च्यांवरही पोरांसाठी खोल्या चढल्यात. हे म्हणाले, मागची खोली तिला देऊ. मी लगेच हो म्हटलं. जरा जास्तच लगेच.
मग कळलं क्लास कोणता. त्याच सरांचा. ह्यांना म्हटलं, प्रवेशाला तुम्ही जा त्यांच्यासोबत. तुझी माणसं, तूच जा, म्हणाले.

२० जून
गेलो तिघी. फॉर्मच्या टेबलामागे भिंतीवर तेच कापड, काच लावून. सविताचं लक्ष फॉर्मात. रु.बाई उभीच. काचेवर बोट ठेवलं आणि एका तड्यावरून कोनाड्यापर्यंत नेलं. क्लार्क म्हणाला, मावशी, हात लावू नका.
बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, मेण थंडीनं फुटलं काय?"
जानेवारी होता. थंडीनंच फुटलं, म्हटलं तर खरंच आहे.
"हाव," म्हटलं.
"मंग तुमचा काय दोष न्हाई."
घरी आल्यावर चहाचे कप तिनंच घासले. मला हात लावू देईना. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर.

२९ जून, रवि.
सविता राहायला आली. ट्रंक, स्टोव्ह, आणि आई. रु.बाईनं नवं कापड आणलंय. तीच भिंत, तोच कोनाडा, टोपडं. सगळं मेणानं पुन्हा काढलेलं.
"या वेळी बुडवताना मी बी बसते."
निळीचा माठ रुसलाय, रंगच धरत नाही, म्हटलं. गूळ-चुना घातलाय, चार दिवस तरी लागतील. हे खरं होतं.
"थांबते की पोरीपाशी."

२ जुलै
दोघी मिळून माठ ढवळतो. ती वसाहतीतल्या गमती सांगते, मी हसते. रोज ठरवते, आज फ्रिजचं सांगायचं. वरणाला फोडणी देताना तोंड उघडलं होतं. सविता पुस्तक घेऊन आली आणि

४ जुलै
माठ कालच तयार झाला. वर तांबूस साय, कडेला निळा फेस. तिला म्हटलं, अजून दोन दिवस.
आज सकाळी पुन्हा तेच म्हटलं. ती माठावरचं झाकण काढून बघत होती. साय आणि फेस बघून माठ ओळखायचा कसा, ते वसाहतीत पहिल्या दिवशी मीच शिकवलंय तिला.
झाकण नीट ठेवलं. हात पदराला पुसले.
"थांबते की, बाई. तुमचं झालं की सांगा."