बाजारात सकाळी कुठे खावं

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. रविवारी टेम्पो घेऊन येतो, ताई, सामान बांधून तयार राहा आणि भावजींचं दुकान विकायचं बघू, असं फर्मान सोडलंयस. कालपर्यंत माझ्या पदराला नाक पुसणारा तू! राग नाही आला, हसूच आलं. भावजी गेल्यापासून ताईने सकाळचा गॅस पेटवणं सोडलंय, रोज बाजारात जाऊन खाते, असं खालच्या मास्तरीणबाईंनी तुला कळवलं म्हणे. बाईंचे कान तिखट आहेत, पण त्या खोटं बोलत नाहीत. खातेच मी बाहेर. मात्र कुठे खाते ते आधी ऐक, मग काय तो टेम्पो ठरव.

मासळीबाजाराच्या मागच्या दाराशी एक अंडेवाला असतो. त्याला आम्ही सगळे मौनीबाबा म्हणतो. आपल्याला किती अंडी हवीत ते त्याला सांगायचं नसतं, तो तोंडाकडे बघून ठरवतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने न विचारता तीन अंड्यांचं ऑम्लेट पुढे ठेवलं, इतकी मी वाळले होते. खरं सांगते, भावजी गेल्यावर घरात घास उतरत नव्हता. समोरची रिकामी खुर्ची बघून रडू यायचं. त्या दिवशी मासळीच्या वासात, टोपल्यांच्या धक्क्यात, मी ताटली पुसून खाल्ली.

फुलांच्या गल्लीत पाववाली मावशी आहे. तिच्याकडे पहिल्या भट्टीला जाऊ नये, तो पाव खालून करपतो. दुसऱ्या भट्टीला जावं. लोणी कमी लाव म्हणणाऱ्याला ती सरळ हाकलून देते, मग तो कितीही मोठा व्यापारी असो. आणि जिन्याखाली बटाटेवाले दोघे भाऊ. एक सोलतो, एक तळतो, आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत. तेल तापलं की तळणारा गिऱ्हाइकाला म्हणतो, त्याला म्हणावं, काप आण. आपण निरोप पोचवायचा आणि बटाटे खायचे. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नसावं, पण बटाटे असे की तू बोटं चाटशील.

या बाजाराची एक रीत तुला ठाऊक नसेल. खाण्याचं दुकान चालवणारा माणूस सकाळी स्वतःच्या हातचं खात नाही. गर्दी ओसरली की झाकण ठेवतो आणि दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्या हातची खोट आपल्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. जो आपल्याच दुकानात ताट घेऊन बसला, त्याच्याकडे शेजाऱ्यांनी पाठ फिरवली असं समजतात, आणि मग गिऱ्हाईकही फिरकत नाही.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी केलेल्या मसुराच्या सुपाचा वाडगा भरून घेतला आणि माझ्याच बाकावर ऐटीत बसले. अख्खी गल्ली वळसा घालून पुढे गेली! हो रे, माझ्या बाकावर. भावजींच्या तराजूदुरुस्तीच्या दुकानात मी शेगडी मांडली आहे. मावशीने येऊन मला दंडाला धरून उठवलं आणि रीत समजावली, तेव्हापासून मी रोज दुसऱ्यांच्या बाकावर खाते. तुला आधी कळवलं नाही, कारण गिऱ्हाईक जमलं तरी या मंडळींपैकी कुणी माझ्याकडे येऊन बसलं नव्हतं, आणि ते बसल्याशिवाय इथे दुकान आपलं होत नाही. आज सकाळी मौनीबाबा आला. वाडगा संपवला आणि चक्क बोलला, मीठ थोडं जास्त पाहिजे. जाताना मावशीलाही माझ्या सुपाबद्दल सांगून गेला. तेव्हा रविवारी ये, बायकोला आण, टेम्पो नको. उपाशी ये. तुला मी पोटभर वाढेन, पण तुझ्या शेजारी बसून खाणार नाही. माझा नाश्ता आता समोरच्या गल्लीत असतो.

तुझीच, आता चांगली अंगाला लागलेली,
ताई