एकच नाव दोन याद्यांत

प्रिय जगदेवी,

कमलनगरात बस थांबते तिथंच तुझ्या शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेची पाटी. खाली ठळक, शासन अनुदानित. गुरुशांतप्पा भावजींनी ट्रस्ट काढला आणि तू मॅडम झालीस. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी येऊन जेवले न्हाई. हे म्हणाले, मैत्रीणच हाय ना तुझी, कामून जळायलीस? उपास हाय म्हटलं. खंडोबा माफ करो, रविवार नव्हता तो.

जनवाड्याच्या शाळेत आपण एका बाकावर. तू गणितात राहिलीस, मी मॅट्रिक झाले. शर्टाचं काज करायला तुला मीच शिकवलं. तुझं काज उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं, म्हणून बाई रागवायच्या आणि तू माझंच पुढं करायचीस.

मागल्या महिन्यात तपासणी होती. सोळा पोरी दाखवायच्या, तुझ्याकडं अकराच. तासभर बसून जा म्हणून जीप पाठवलीस. मी पोरींच्या रांगेत बसले, यादीत नाव लिहिलं. साहेबांनी माझं काज उलटसुलट करून पाहिलं, कोणी शिकवलं विचारलं. मी तुझ्याकडं बोट केलं. या वयात शिकायलात, कौतुक आहे, म्हणाले. तेव्हा तू हसलीस. ते हसू अजून टोचायलंय.

परवा सरकारी पाकीट आलं, माझ्या नावाचं, आयुष्यातलं पहिलं. शिकणाऱ्यांच्या यादीत अंजू आणि शिक्षिकांच्या यादीतही अंजूच, यातलं खरं काय ते सहीनिशी कळवा, असं विचारलंय. महिला गटाच्या फॉर्माला म्हणून माझी मार्कलिस्ट नेली होतीस, ती कुठं लागली ते तेव्हा कळलं. दोन्ही खोटं, एवढं लिहिलं की तुझं अनुदान गेलं. दोन दिवस मी त्याच सुखात होते. देवापुढं बसले तरी तेच डोक्यात.

पण नंतर वाटलं, त्या यादीत शिक्षिका म्हणून माझं नाव किती शोभतंय. म्हणून हे पत्र. सोमवारी पहिल्या जीपनं येते. आधी पोरींना शिकवीन, मगच त्या कागदावर शिक्षिका म्हणून सही करीन, त्याच दिवसाची तारीख टाकून. मागलं विचारलं तर तेव्हा नव्हते म्हणून सांगीन, ते तुझं तू निस्तर. मी यायला नको असेल तर रविवारपर्यंत निरोप धाड. मग मात्र साहेबांना सगळं खरं लिहीन.

म्हणायला जड जातंय, तरी तुझीच,
अंजू