ग्रहणात उघडलेली छत्री

११ फेब्रुवारी १९८०, सोमवार

आज मी सूर्य होते आणि मथुराबाई चंद्र. प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं — ‘पृथ्वी आणि आकाश’. तिसरीच्या बाकांवर आम्ही सगळ्या थोराड बाया, गुडघे हनुवटीशी! शिकवायला निजसुरे सर. म्हणाले, “हेमाताई, आपला आवाज मोठा, आपण सूर्य व्हा.” आवाजाचा नि सूर्याचा काय संबंध? मथुराबाईंनी टेबलाला, म्हणजे पृथ्वीला, दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मटकन खाली बसल्या. सर म्हणाले, “चंद्राला चहा द्या.”

शनिवारी सूर्यग्रहण आहे, म्हणून ही सगळी घाई. मुलांना शाळेत बोलावून ग्रहण कोण दाखवणार, असं सरांनी विचारलं. सगळ्यांना एकदम फरशीची नक्षी आवडायला लागली. मी हात वर केला. आता निस्तरा, हेमाताई!

१२ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. “ग्रहणात बाहेर? तेही लोकांची पोरं घेऊन?” मग त्यांचा तास सुरू झाला. खायचं नाही, चिरायचं नाही, गरोदर बाईने तर जागचं हलायचं नाही. मी म्हटलं, “सूर्याला काय पडलंय सदाशिव पेठेतल्या बायकांचं?” “जीभ आवर,” म्हणाल्या. आमचे हे पेपरात डोकं घालून. घरात वाजलं की ह्यांना नेहमीच ग्रहण लागतं.

१३ फेब्रुवारी

पुठ्ठा आणि टाचणी. सूर्याकडे बघायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. पुठ्ठ्याच्या भोकातून आलेला उजेड कागदावर पाडायचा — ग्रहण लागलं की तो गोल ठिपका कोरीसारखा होतो. भोक मात्र बारीक हवं. मथुराबाईंनी पेन्सिल खुपसली. सर म्हणाले, “बाई, यातून सूर्य नाही, उंदीर येईल.”

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस गेलेत. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही टिकली नाहीत. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही अजून. भीती वाटते. फार.

१५ फेब्रुवारी

मुलांना कबूल करून बसलेय. ग्रहणाने पोटातल्या मुलाला काही होत नाही. मला माहीत आहे, काही होत नाही! मग हात सारखा पोटाकडे का जातो? सरांशी बोलावं म्हणून थांबले, तर तेच कॉलर सावरत म्हणाले, “उद्या मला जमणार नाही. घरी वडील फार पाळतात हो.” घ्या!

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

दुपारी चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावर बसले होते. ना आत, ना बाहेर. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. “कितवा महिना?”

मी चाट!

“सकाळी मोरीत ओकतेस, ते मला ऐकू येत नाही होय?”

आता मला आत कोंडणार, असं वाटलं. तर त्यांनी मामंजींची जुनी छत्री खुंटीवरून काढली. “पोरांना शब्द दिलायस ना? चल. पण छत्रीबाहेर जायचं नाही.”

रस्त्यावर चिटपाखरू नाही. शाळेत मूठभर मुलं, त्यातली निम्मी आईला चुकवून आलेली. मी पुठ्ठे वाटले. सासूबाई तोंडाने जप करत माझ्या पोटावर सावली धरून उभ्या. छत्री कसली — झुरळांनी टाचणीएवढी भोकं पाडून पार चाळणी केलेली!

एकदम चौथीतली श्यामला किंचाळली, “बाई, तुमच्या पोटावर बघा!”

माझ्या पिवळ्या साडीवर, बरोबर पोटावर, सूर्याच्या कोरीच कोरी. नखाएवढ्या. छत्रीच्या प्रत्येक भोकातून एकेक ग्रहण उतरलेलं! मुलांनी पुठ्ठे टाकले नि मला गराडा घातला. सासूबाईंचा जप थांबला. त्या कोरींकडे बघत राहिल्या. आता छत्री मिटतील, असं मला वाटलं.

“आजी, हलवू नका ना!” मुलं ओरडली.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी छत्रीचा दांडा धरला. ग्रहण सुटेपर्यंत हलवली नाही.

१७ फेब्रुवारी

तांदूळ निवडताना सासूबाई ताटातून नजर न काढता म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती मला. पोटात होती तेव्हा ग्रहण आलं होतं. अगदी कडक पाळलं मी. खाटेवरून हललेसुद्धा नाही. तरी राहिली नाही.”