दुसरा रकाना

१२ मार्च, दुपार
फाटकावरची खोली

प्रिय अक्का,

धाकट्याचा नमस्कार. पत्र मिळालं. दाजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे, उगाच काळजी करू नकोस.

चार दिवस धुकं उठलेलं नाही. फाटकापुढे वीस पावलं रस्ता दिसतो, मग नुसतं पांढरं. गाड्या त्यात शिरतात आणि आवाज तेवढा मागे राहतो. बसल्या बसल्या डोळा लागतो, अन् स्वप्नात मी तो दोनशे किलोमीटरचा रस्ता अनवाणी चालत असतो. घर नाही, झाड नाही, समुद्र कुठल्या बाजूला तेही कळत नाही. पाय मुळीच दुखत नाहीत. तुझ्या गावापर्यंत मात्र कधी पोहोचत नाही.

महिनाअखेर फाटक बंद. वाटेत मोबाइलचे टॉवर झालेत, ज्याच्या त्याच्या खिशात फोन, गाड्यांच्या नोंदी आता कुणाला हव्यात! साहेब म्हणाले, "वह्या घेऊन जा घरी, आठवण म्हणून." कसली डोंबलाची आठवण!

तू लिहितेस, "मागची खोली रंगवलीय, आता मुकाट्याने इकडे ये." अक्का, त्या खोलीमुळेच हे लिहायला बसलोय. चार कागद फाडून झाले.

माझं काम तुला ठाऊक आहे. इथून गाडी सुटली की पहिल्या रकान्यात वेळ लिहायची. तुमच्याकडच्या फाटकावरून फोन आला की दुसऱ्या रकान्यात 'पोहोचली'. तेव्हा तिथे तो म्हातारा होता. सहा तासांत फोन नाही आला तर शोधायला जीप पाठवायची.

पण दाजींची पावाची गाडी म्हणजे घड्याळ. इथे पाव उतरवून सकाळी आठला निघणार, एकला तिकडे. म्हणून मी त्यांचे दोन्ही रकाने सकाळीच भरून टाकायचो. "अरे, मला निघू तरी दे!" दाजी हसायचे.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशीही भरले. संध्याकाळी तू फोन केलास, "हे अजून आले नाहीत रे." मी वही उघडली आणि माझंच अक्षर मला खरं वाटलं. म्हणालो, "पोहोचलेत गं, बसले असतील कुठे गप्पा छाटत." दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाच्या ट्रकवाल्याला उलटलेली गाडी दिसली. दाजींना वेळेवर बाहेर काढलं असतं तर पाय वाचला असता, असं डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले.

चौकशीत मी सांगितलं, म्हाताऱ्याचा फोन आला होता. तो बिचारा नाही नाही म्हणत राहिला. नोकरी त्याची गेली. अकरा वर्षं तू त्याच्या दारावरून मान फिरवून जातेस, आणि माझ्यासाठी लोकांशी भांडतेस. अक्का, मी घाबरलो होतो. नोकरीला नाही गं, तुला.

शुक्रवारच्या बसने निघतोय, ती वही घेऊन. आधी म्हाताऱ्याकडे जाणार. मग साहेबांना लेखी देणार. दाजींच्या पायाशी बसायची हिंमत होईल की नाही, माहीत नाही.

म्हाताऱ्याच्या दारापासून तुझं घर चार घरं पुढे. तू हाक मारलीस तरच येईन. नाही मारलीस, तर तुझं काही चुकलं असं मी जन्मात म्हणणार नाही.

तू ज्याच्यासाठी भांडलीस, तो
धाकटा