नाल्यासमोर डोळे उघडे ठेवून

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. खरं भांडण आमच्या प्राचार्यांशी आहे, पण त्यांच्यासमोर माझी वाचा बसते. तुमच्यासमोर मी कधीच गप्प राहिले नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते; आता इथल्याच, बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात पर्यावरण शिकवते, अतिथी विद्वान म्हणून. नाव भारदस्त आहे, अर्थ एवढाच की पुढच्या सत्रात घेतील की नाही याची दरवर्षी धाकधूक. म्हणून परवा प्राचार्यांनी खोलीत बोलावलं तेव्हा मी त्यांचं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि घरी येऊन पोळ्या लाटताना लाटणं आपटलं.

झालं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी वर्गात जमिनीखालच्या पाण्यावर शिकवत होते. जसोंडीची एक मुलगी आहे, घरी केळीचे मळे, बोअर एकामागून एक आटत चाललेले. ती वही मिटून म्हणाली, "मॅडम, हे सब पढके मला झोपच लागत नाही. मग मोबाईल बघत बसते, तर अजून टेन्शन." कुणी हसलं नाही. मुलगेसुद्धा खाली बघत होते. आमच्या अभ्यासक्रमात प्रदूषणाचे सगळे प्रकार आहेत, उडालेल्या झोपेवर एक ओळ नाही. उत्तर तिनंच शोधलं. मावशीबरोबर कुठल्याशा शिबिरात ती श्वासाकडे बघायला शिकली होती. तिनं वर्गातले चार-सहा जण गोळा केले आणि दर गुरुवारी सकाळी, पहिल्या तासाआधी, ही मंडळी नदीवर बसायला लागली. घाटावर नाही, सुताच्या रंगाईच्या कारखान्यांचा नाला तापीला मिळतो तिथे. डोळे उघडे ठेवून. श्वास घ्यायचा, समोर काय वाहतंय ते बघायचं. राग आला, भीती वाटली, तर तीही बघायची, उठून पळायचं नाही. मला आधी वाटलं, नवं खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. बसून उठल्यावर ही मुलं रडत नव्हती, कामाला लागत होती. कारखान्यांच्या फाटकावर जाऊन विचारत होती, पाणी साफ करायची टाकी आहे का, असेल तर चालू आहे का.

प्राचार्यांना 'ध्यान' हा शब्द फार आवडला. त्यांनी सभागृहात गाद्या घातल्या, मागे बॅनर लावला, इंदूरहून एक पाहुणे बोलावले. पाहुणे म्हणाले, डोळे मिटा, स्वच्छ निळी नदी मनात आणा, नकारात्मक विचार सोडून द्या. सगळं सभागृह डोळे मिटून बसलं, माझी मुलं सोडून. पाहुण्यांनी कारण विचारलं तेव्हा ती मुलगी उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "सर, आँखें बंद करने से नदी साफ दिखती है, होती थोड़ी है।" मला टाळी वाजवावीशी वाटली, अण्णा. प्राचार्य माझ्याकडे बघत होते, म्हणून हात मांडीवरच राहिले.

परवा बोलावलं ते त्यानंतर. कारखान्यांकडून फोन आला असणार. "ध्यानाला मी कुठे नाही म्हणतो? हॉलमध्ये करा ना," ते म्हणाले. "वहाँ नाले पे बैठने की क्या जरूरत है? गावाची बदनामी होते. गुरुवारी तुम्ही स्वतः जा आणि सांगा, आजपासून हे बंद. पुढच्या सत्राचा विचार मलाच करायचाय, मॅडम." धमकीचा राग आला नाही असं नाही, पण जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुलांनी शांत व्हावं असं या सगळ्यांना वाटतं. शांत होऊन बघू मात्र नये. झोपेची गोळी द्यावी तसं यांना ध्यान द्यायचं आहे, आणि जागी झालेली मुलं त्यांना नको आहेत.

आणि तुम्ही तरी काय वेगळं केलंत? मी सात-आठ वर्षांची आहे. दिवाळीला नवा फ्रॉक जमणार नाही म्हणून तुम्ही माझा शाळेचा पांढरा फ्रॉक तुम्ही कामाला होतात त्या रंगाईच्या कारखान्यात नेता, सोबत मलाही. सूत रंगवून हौदात उरलेल्या जांभळ्या पाण्यात तो बुडवता, काठीनं फिरवता, पिळून माझ्यासमोर धरता. तसा जांभळा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. मग तुम्ही हौदाचा बोळा काढता, पाणी नाल्यात सुटतं, आणि मी त्याच्या काठाकाठानं धावत सुटते, माझ्या फ्रॉकचा रंग पार तापीत पोहोचेपर्यंत. परत येऊन विचारते, आता मासे जांभळे होतील का? तुम्ही हसत नाही. "तापीत काय राहते बेटा? पूर आला का सारं धुऊन जाते." मी पुन्हा विचारते तेव्हा डाफरता, "गप बस. फ्रॉक पाहिजे का नको तुला?" हे काय उत्तर झालं, अण्णा? काही धुऊन गेलं नाही. पूर येऊन गेले, नाल्याच्या तोंडाशी रंगाचा फेस तिथेच आहे. तुमच्या छातीतूनही काही धुऊन गेलं नाही. गेलात ते खोकत खोकतच. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर तुम्ही डाफरलात.

आज गुरुवार. सकाळी मी नाल्यावर गेले. मुलांच्या कानावर सगळं आलंच होतं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही काही सांगणार होत्या ना?" मी म्हणाले, "नाही. बसा." आणि मीही चपला काढून त्यांच्याशेजारी बसले. बंद केलं नाही, उलट मीही बसले, हेच प्राचार्यांना उद्या सांगेन. पुढच्या सत्राचं काय व्हायचं ते होऊ दे.

मग त्यांच्यासारखाच श्वास घेतला. सोडा, गंधक, ओलं सूत. मुलांनी नाकं मुरडली, तरी उठलं कुणी नाही. मला संताप यायला हवा होता, तो घेऊनच तर मी आले होते. पण तो वास तुमच्या शर्टाचा होता. तुम्ही गेल्यावर आईनं तुमचे सगळे कपडे धुऊन वाटून टाकले, तेव्हापासून तो घरात कधी आला नव्हता. मुलं बेतानं श्वास घेत होती, आणि मी ते विष छाती भरून घेत होते, परत परत. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इथे लिहिते आहे. मुलांना मी सांगितलेलं नाही.